फुली मारलीस, पण विचारलंस का?

“सर, पेशंटच म्हणाला अ‍ॅलर्जी आहे, म्हणून लिहिलं.”

वा! पेशंट म्हणाला आणि तू लिहिलंस. मग तुझी गरज काय? एवढं काम केसपेपरच्या खिडकीतला कारकूनही करतो, आणि त्याचं अक्षर तरी वाचता येतं. एमबीबीएस झालास, भूलशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आलास, आणि एवढं शिकून पाट्याच टाकायच्या होत्या?

उघड ती फाइल. भूलपूर्व तपासणीचा कागद काढ. अ‍ॅलर्जीच्या रकान्यात लाल शाईनं ‘पेनिसिलिन’, पुढे अधिकचं चिन्ह, भोवती गोल. गोल मात्र सुबक काढलायस. कधी झाली अ‍ॅलर्जी? लिहिलेलं नाही. काय झालं होतं? नाही. औषध कशासाठी दिलं होतं, किती वेळानं त्रास झाला, उपचार काय केला? काही नाही. आणि खाली सेफाझोलिनवर फुली, शेजारी व्हॅन्कोमायसिन. उद्या त्या बाईंच्या गुडघ्यात धातूचा सांधा बसणार आहे. त्यांचं जंतुसंसर्गापासूनचं संरक्षण तू एका शब्दावर बदलून टाकलंस. सुतावरून स्वर्ग गाठायची ही हौस तुला परवडेल, त्या गुडघ्याला परवडणार नाही.

मी गेलो होतो बाईंकडे. खाटेशेजारी स्टूल ओढून बसलो. तेवढंच करायचं असतं. “मावशी, पेनिसिलिननं काय झालं होतं?”

“मला कुठं आठवतंय? आई सांगायची. मी चौथीत होते. घसा सुजला, ताप आला. डॉक्टरनं सुई टोचली आणि मी तिथंच दारात चक्कर येऊन पडले. तेव्हापासून आई सगळ्यांना सांगायची, हिला पेनिसिलिन चालत नाही.”

“अंगावर गांधी उठल्या होत्या?” “नाही.” “ओठ, तोंड सुजलं? दम लागला?” “नाही हो. लिंबूपाणी पाजलं, झाले बरी.”

मग उशाशी ठेवलेली त्यांची कापडी पिशवी मागून घेतली. तीच पिशवी, जी तपासणीच्या दिवशी तुझ्या टेबलावर होती आणि तू कोपरानं बाजूला सारली होतीस. आत शुगरच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या आणि तळाशी एक अर्धवट पत्ता: अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड. “या कधी घेतल्या?” “दाढ काढली तेव्हा. तुमच्याच दवाखान्यानं सांगितलं होतं ना, गुडघ्याच्या आधी दात दाखवून या. पाच दिवस घेतल्या, सकाळ-संध्याकाळ.” “मग काय झालं?” “काय व्हायचंय? दाढ बरी झाली.”

ऐकलंस? दाढ बरी झाली! अ‍ॅमॉक्सिसिलिन कोणत्या कुळातलं औषध आहे, हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. बाईंनी पेनिसिलिनचा अख्खा कोर्स पचवला, अंगावर एक गांध उठली नाही. ती अ‍ॅलर्जी दातांच्या डॉक्टरकडेच निकालात निघाली होती. लाल शाईनं तिला जिवंत ठेवलं ते तू.

राग कशाचा येतो सांगू? तुला हे येत नाही याचा नाही. येतं याचाच येतो. तोंडी परीक्षेत विचारलं असतं तर चारही प्रकारच्या अतिसंवेदनशीलता बोटांवर मोजून दाखवल्या असत्यास. कोणत्या प्रकारात किती मिनिटांत काय होतं, हेही घडाघडा सांगितलं असतंस. मग जिता-जागता माणूस समोर बसला की ते सगळं कुठे जातं? कळतं पण वळत नाही, असली माणसं ऑपरेशन थिएटरात फार महाग पडतात.

आता तुझी दुसरी सबब. “सर, विचारलं तरी पेशंटला नीट सांगता येत नाही.” त्याला तुझ्या पुस्तकाची भाषा येत नाही. तुला त्याची यायला काय झालं? इथे माणूस ‘औषध गरम पडलं’ म्हणतो. म्हणजे काय ते विचार. तोंड आलं होतं, जुलाब झाले होते, की अंगाची आग झाली होती? ‘पित्त झालं’ म्हणाला तर छातीत जळजळलं की अंगावर खाजरे चट्टे उठले? दोन्हीला तो पित्तच म्हणतो. एकात रकाना कोरा राहतो, दुसऱ्यात औषध बदलावं लागतं. ‘रिअ‍ॅक्शन आली’ हे तर काहीही असू शकतं. सलाइनची थंडी, सुईची भीती, उलटी, घेरी, किंवा खरोखर जिवावर बेतलेलं दुखणं. हे वेगळं करायला कुठलं यंत्र लागत नाही. तोंड लागतं. ते तुझ्याकडे आहे, कँटीनमध्ये चांगलं चालतं.

तिसरी सबब तुझी सगळ्यात लाडकी. “सर, रिस्क कशाला घ्यायची?” ही सावधगिरी नाही, हे डोळ्यांवर कातडं ओढून घेणं आहे. तुला वाटतं, औषध बदललं की धोका गेला. धोका जात नाही. तो तुझ्या अंगावरून पेशंटच्या अंगावर जातो.

आकडे ऐक. जिथे अशा नोंदी नीट ठेवल्या जातात, त्या पाश्चात्त्य देशांत शंभरातले सुमारे १० जण पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी सांगतात. त्यांची रीतसर तपासणी केली, तर ९० टक्क्यांहून अधिक जणांना ते औषध खुशाल चालतं. ज्यांची अ‍ॅलर्जी खरी होती, त्यांतल्याही सुमारे ८० टक्के जणांची १० वर्षांत ओसरते. आणि तू चौथीतल्या चकरेवर साठीच्या बाईचं औषध ठरवतोस?

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सांधेरोपण, गर्भाशय काढणं, आतड्याची आणि हृदयाची शस्त्रक्रिया अशा ८ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. ज्यांच्या कागदावर पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी होती, त्यांच्यात जखम चिघळण्याची शक्यता सुमारे दीडपट भरली. कारण? त्यांना पहिल्या पसंतीचं औषध न देता दुसरं दिलं गेलं. म्हणजे अ‍ॅलर्जीनं नव्हे, अ‍ॅलर्जीच्या नुसत्या शिक्क्यानं जखमा चिघळल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

आणि सेफाझोलिननं तुझं काय घोडं मारलंय? ‘पेनिसिलिन चालत नाही त्या शंभरातल्या दहांना सेफॅलोस्पोरिनही चालत नाही’ हा आकडा कुठून आला, ठाऊक आहे? सुरुवातीच्या काळात सेफॅलोस्पोरिनच्या तयार औषधातच पेनिसिलिनचे अंश असायचे, त्या काळातला. तो तू आजही घोकतोस. अशी दोन्ही औषधांची प्रतिक्रिया येते ती बहुतेक वेळा रेणूच्या बाजूच्या साखळीमुळे. अ‍ॅमॉक्सिसिलिनची साखळी सेफाड्रॉक्सिलशी जुळते, अँपिसिलिनची सेफॅलेक्सिनशी. तिथे जपून राहायचं. सेफाझोलिनची साखळी कोणत्याच पेनिसिलिनशी जुळत नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शनात पेनिसिलिनची तीव्र अ‍ॅलर्जी सांगणाऱ्यालाही वेगळ्या साखळीचं सेफॅलोस्पोरिन द्यायला मोकळीक दिली आहे. अपवाद कातडी सोलवटणाऱ्या भयंकर विकारांचा. हे तू वाचलेलंस. मीच सेमिनार दिला होता तुला, तूच स्लाइड दाखवली होतीस.

बरं, व्हॅन्कोमायसिन तरी नीट देतोस का? ग्रॅमभर औषधाला किमान तासभर लागतो. चीर देण्याआधीच्या दोन तासांत ते सुरू व्हायला हवं. आपल्याकडे काय होतं? पेशंट टेबलावर आला की बाटली लागते. सर्जन हात धुऊन उभा, बाटली पाऊणही उरकलेली नाही. मग तू कळ सैल सोडतोस. पेशंटची मान लाल, चेहरा लाल, बीपी खाली. आणि संध्याकाळी फाइलवर नवी ओळ: ‘व्हॅन्कोमायसिन अ‍ॅलर्जी’! ती अ‍ॅलर्जी नसते, तुझी घाई असते. एक खोटा शिक्का होता, तू दोन केलेस. शिवाय साध्या स्टॅफिलोकोकसवर व्हॅन्कोमायसिन सेफाझोलिनपेक्षा लंगडं पडतं, ते वेगळंच.

ब्रिटनमध्ये भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं शस्त्रक्रियेदरम्यानच्या तीव्र अ‍ॅलर्जीची देशभर पाहणी केली. २०१८ चा तो अहवाल. साधारण १० हजार भुलींमागे एक अशी घटना. कारणांत प्रतिजैविकं पहिली, जवळपास निम्मी. त्यातही दर सगळ्यात चढा कोणाचा? टायकोप्लॅनिनचा. म्हणजे ‘पेनिसिलिन चालत नाही ना, मग हे द्या’ म्हणून तिथे जे देतात, त्याचाच! आगीतून फुफाट्यात ढकलायचं आणि वर म्हणायचं, मी रिस्क घेतली नाही.

“टेस्ट डोस देतोच की सर.” हो, देतोस. ऑर्डर बुकात इंजेक्शनपुढे ‘एएसटी’, म्हणजे चाचणी करून मग द्या, असं लिहिलं की तुझी झोप शांत. कातडीत औषधाचा एक थेंब, पेनानं गोल, आणि नंतर कोणी न पाहताच ‘निगेटिव्ह’. कोणतं औषध, किती पातळ केलं, तुलनेला हिस्टामिन आणि सलाइन टोचलं का, किती मिनिटांनी फोड मोजला? विचारलं तर तू सिस्टरकडे बघतोस, सिस्टर तुझ्याकडे. दाहक औषध टोचलं तर निर्दोष कातडीही लाल होते. मग आणखी एकाच्या कपाळी फुकटचा शिक्का. आणि ज्याला खरी अ‍ॅलर्जी आहे त्याला तो थेंबही पुरेसा असतो. तिथे वॉर्डात अ‍ॅड्रेनलिन भरून ठेवलंय का? नाही. इतिहास न विचारता सरसकट टोचाटोची करणं म्हणजे तपासणी नव्हे. रीतसर त्वचाचाचणी हे वेगळं काम आहे. ते शिकलेल्यानं, मोजून-मापून करायचं असतं.

बाकीच्या शिक्क्यांची तर जत्राच भरवली आहेस. कोळंबी खाऊन खाज सुटते म्हणून आयोडीन बंद. कोळंबीचा त्रास तिच्यातल्या प्रथिनाचा, आयोडीनचा त्यात काय दोष? अंडं चालत नाही म्हणून प्रोपोफॉल बंद. अंड्याची अ‍ॅलर्जी बहुधा पांढऱ्याची, प्रोपोफॉलमधलं लेसिथिन पिवळ्याचं. सल्फाच्या प्रतिजैविकानं चट्टे उठले म्हणून फ्युरोसेमाइड बंद, आणि एका महाभागानं तर मॅग्नेशियम सल्फेटवर फुली मारलेली मी पाहिली. नावात नाव दिसलं की भाऊबंद! दातांच्या खुर्चीत सुई दिल्यावर छाती धडधडली म्हणून ‘लिग्नोकेन अ‍ॅलर्जी’. त्या सुईत अ‍ॅड्रेनलिन होतं, धडधडणारच. मॉर्फिननं नाक खाजलं, ट्रॅमाडॉलनं उलटी झाली, की दोन्ही अ‍ॅलर्जीच्या रकान्यात. मग ऑपरेशननंतर बाई रात्रभर कण्हते आणि तू म्हणतोस, काही देताच येत नाही सर. साप म्हणून भुई धोपटायची ती किती?

पण थांब. सगळं खोटंच असतं, असा सोयीचा अर्थ काढून इथून पळू नकोस. आळसाला दुसरंही तोंड आहे, आणि ते जास्त भयानक आहे. या बाईंच्या शेजारच्या खाटेची फाइल बघ. ‘औषधांची अ‍ॅलर्जी नाही.’ हे कोणी लिहिलं? तूच. विचारून? की मागच्या कागदावरून उतरवून? रकाना भरलेला दिसतो, पण उत्तर कोणाचं आहे?

त्या गृहस्थांना दमा आहे. नाकातल्या गाठींचं ऑपरेशन झालेलं आहे. आणि डोकेदुखीची गोळी घेतली की दम लागतो म्हणून ते गोळी घेतच नाहीत, हे त्यांच्या बायकोनं मला विचारताक्षणी सांगितलं. तू त्यांना ऑपरेशननंतर डायक्लोफिनॅक लिहिलंस. अ‍ॅस्पिरिननं दमा भडकणाऱ्याला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, किटोरोलॅक, सगळी एकाच माळेची. गोळीचं नाव बदलून काही साधत नाही. एक प्रश्न, एक! तो विचारायला तुझी जीभ का वळली नाही?

घाबरायचं कुठे, ते नीट ऐकून ठेव. औषध घेतल्यावर मिनिटांत किंवा तासाभरात गांधी, ओठ-जीभ सुजणं, दम, घेरी येऊन बीपी पडणं, अ‍ॅड्रेनलिन द्यावं लागणं. असं सांगणाऱ्याला हसण्यावारी नेशील तर माझ्याशी गाठ आहे. काही दिवसांनी अंगावर फोड, कातडी सोलणं, तोंडात-डोळ्यांत जखमा असं झालं असेल तर ते औषध पुन्हा नाही. चाचणीपुरतंही नाही, थेंबभरही नाही. फुगा फुगवताना ओठ सुजतात, केळं किंवा किवी खाल्लं की घसा खाजतो, असं म्हणणाऱ्याला लेटेक्सबद्दल विचार. पाठीच्या कण्यातल्या जन्मजात दोषासाठी वारंवार ऑपरेशन झालेल्या मुलांच्या आईबापांना तर विचारच विचार. क्लोरहेक्सिडिन आठवतं का कधी? कातडी पुसायला तेच, कित्येक माउथवॉशमध्ये तेच, काही कॅथेटरांवरही तेच लावलेलं. त्या ब्रिटिश पाहणीत जवळपास दहावा हिस्सा त्याचा होता, आणि तिसरा हिस्सा आपल्याच स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा.

म्हणून ‘तुम्हाला किंवा घरच्या कोणाला आधी भूल दिली तेव्हा काही झालं होतं का’ हा प्रश्न घाईघाईनं उरकायचा नसतो. ‘भावाची भूल उतरलीच नाही, रात्रभर मशीनवर होता’ असं कोणी सांगितलं, तर ती अ‍ॅलर्जी नाही, पण स्नायू शिथिल करणारं स्कोलीन देण्याआधी तुला दहादा विचार करायला लावणारी माहिती आहे. तसं घराण्यात चालत येतं. ‘चुलत्याला ऑपरेशन टेबलावर प्रचंड ताप चढला’ असं म्हणाला, तर तू पेन खाली ठेवायचंस आणि मला बोलवायचंस. लोक हे सगळं एकाच नावानं सांगतात, ‘भुलीची अ‍ॅलर्जी’. निवडायचं काम तुझं.

आणि टेबलावर खरंच झालं तर? चादरीखाली झाकलेल्या माणसाच्या गांधी तुला दिसत नाहीत. बऱ्याचदा आधी बीपीच कोसळतं. अ‍ॅड्रेनलिन देऊन माणूस वाचवतोस, ते मान्य. हात चांगला आहे तुझा, म्हणून तर बोलतोय. पण नंतर? ट्रिप्टेजसाठी रक्त पहिल्या एक-दोन तासांत, फार तर चार तासांत घ्यायचं आणि २४ तासांनी तुलनेसाठी पुन्हा. तू पाठवतोस तिसऱ्या दिवशी, राउंडला मी विचारलं की. वरातीमागून घोडं! आणि डिस्चार्ज कार्डावर काय लिहितोस? ‘अ‍ॅनेस्थेशिया अ‍ॅलर्जी’. म्हणजे कशाची? त्या अर्ध्या तासात दहा गोष्टी शरीरात गेल्या. पुढच्या भूलतज्ज्ञानं काय करायचं, कुंडली मांडायची? दिलेलं प्रत्येक औषध, वेळेसकट लिही. पुसलेलं द्रव्य, लावलेली जेली, टोचलेला रंग, सगळं. महिन्या-दीड महिन्यानं तपासणीला कुठे जायचं ते लिही. नातेवाइकाला मराठीत समजावून सांग आणि कागद त्याच्या हातात दे.

आता शेवटची सबब, सगळ्यांची मिळून एकच: “वेळ नसतो सर.” ओपीडीला रांग असते, मला माहीत आहे. त्या रांगेत मीही बसतो. पण हिशेब कर. या बाईंना आपण बीपीसाठी बोलावलं, शुगरसाठी बोलावलं, दातांसाठी पाठवलं. मधे आठवडेच्या आठवडे गेले. तेवढ्या अवधीत तपासायचं ठरवलं असतं तर तपासून झालं असतं. पेनिसिलिनसाठी तर तीन प्रश्नांची गुणपद्धत आहे, पेन-फास्ट. त्रास गेल्या पाच वर्षांतला का? २ गुण. तीव्र अ‍ॅलर्जी, चेहऱ्या-ओठांची सूज किंवा कातडीचा गंभीर विकार होता का? २ गुण. उपचार लागला का? १ गुण. शून्य आलं तर खरी अ‍ॅलर्जी निघण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. तीनच्या आत आलं तर पाचाहून कमी. अशा कमी धोक्याच्या लोकांना देखरेखीखाली थेट तोंडावाटे पेनिसिलिन देऊन पाहणं, हे आधी त्वचाचाचणी करून मग देण्याइतकंच सुरक्षित ठरलं. २०२३ मधली मोठी चाचणी आहे. पण ते ओपीडीत, वेळ राखून, तज्ज्ञाच्या सल्ल्यानं. स्ट्रेचरवर नाही, टेबलावर तर नाहीच. मी तुला शूर हो म्हणत नाही. चौकस हो म्हणतोय.

मोबाइलवर तू रोज किती वेळ घालवतोस, ते मी विचारणार नाही. तुझं तुला ठाऊक आहे. चार प्रश्नांना वेळ नाही हे कारण मात्र पुन्हा माझ्यासमोर आणू नकोस. वेळ नव्हता असं नाही. विचारलं की उत्तर येतं, उत्तर आलं की निर्णय घ्यावा लागतो, आणि निर्णय घेतला की जबाबदारी येते. ती टाळायला तू लाल शाई वापरतोस. खरी गोष्ट एवढीच.

उद्याच्या यादीत ज्यांच्या कागदावर अ‍ॅलर्जी लिहिलेली आहे आणि ज्यांच्या कागदावर ‘नाही’ लिहिलेलं आहे, त्या सगळ्यांकडे आज संध्याकाळी पुन्हा जा. कोणतं औषध, कशासाठी, किती वर्षांपूर्वी, किती वेळात, नेमकं काय झालं, काय उपचार केला, नंतर त्याच कुळातलं काही घेतलं का. पिशवी उघडून बघ, घरच्यांना विचार. उत्तरं पेशंटच्या शब्दांत लिही, खाली तुझं मत लिही, मताखाली सही कर. जिथे ठरत नाही तिथे मला फोन कर, रात्री कितीही वाजता. नुसता गोल काढलेल्या कागदावर यापुढे माझी सही मिळणार नाही, आणि माझ्या सहीशिवाय पेशंट थिएटरात जाणार नाही.